३०० ओहम आणि बाबांच्या कॅसेटी

गेल्या चवथीला दादा पुण्याहून आला तो माझ्यासाठी हेडफोन घेऊन. सेनहायझर एचडी ६००. काही वर्षं त्याने स्वतः वापरलेले, कानावरच्या गाद्या तेवढ्या नव्या घातलेल्या. "तू बाबांच्या कॅसेटी संगणकावर उतरवणार आहेस ना, मग त्या नीट ऐकायला तरी हव्यात," म्हणाला.

बाबांनी पस्तीसेक वर्षं पेटीची साथ केली. फोंडा तालुक्यातल्या देवळांचे उत्सव, नाटकं, घरगुती बैठका. कोणी ना कोणी टेपरेकॉर्डर लावून ठेवायचं आणि त्याची एक प्रत आमच्या घरी यायची. अशा चौसष्ट कॅसेटी पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. पाच-सहा कॅसेटींच्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसायला लागले तेव्हा मी घाबरले, आणि दिवाळीच्या सुट्टीत रोज दोन याप्रमाणे उतरवायला घेतल्या.

पहिली कॅसेट उतरवून फोनवर टाकली, दादाचे हेडफोन लावले, आवाज शेवटपर्यंत नेला. गायकाचा आलाप कुठेतरी शेजारच्या घरात चालल्यासारखा ऐकू येत होता. बाबांची पेटी तर शोधावी लागत होती. जुन्या साध्या इअरफोनवर हेच ध्वनिमुद्रण यापेक्षा मोठ्याने वाजत होतं. दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, ते तीनशे ओहमचे आहेत. त्यांना अँप्लिफायर लागतो."

इथून माझा शोध सुरू झाला आणि तो आषाढापर्यंत चालला. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी पहिले दोन महिने मी आकडेमोड न करता लोकांना विचारत फिरले, हे मला आज खटकतं. कारण ज्याला विचारावं तो एकच वाक्य सांगायचा: तीनशे ओहम म्हणजे ताकदीचा अँप हवा.

पणजीत अठरा जून रस्त्याच्या परिसरातल्या एका दुकानात गेले. माझी मर्यादा आठ हजारांची होती. तिथल्या मुलाने बावीस हजारांचा एक डबा काढला. "मॅडम, ३२ ओहमला १५०० मिलिवॅट." मग माझा चेहरा बघून नऊ हजारांचा दुसरा काढला, त्यावर लिहिलं होतं १६ ओहमला २५० मिलिवॅट. "हासुद्धा भरपूर होईल." मी दोन्हींच्या खोक्यांचे फोटो काढून घेतले आणि फोंड्याच्या बसमध्ये बसले. त्या बसमध्ये पहिल्यांदा पेन हातात घेतलं.

हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे महत्त्वाचे. एक अवरोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, ३०० ओहम. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे एक व्होल्ट दिला तर किती मोठा आवाज होतो. एचडी ६०० साठी हा आकडा ९७ डेसिबल आहे. व्होल्ट दुप्पट केले की सहा डेसिबल वाढतात. म्हणजे दोन व्होल्टला १०३, चार व्होल्टला १०९. आता ३२ ओहमचा, एका मिलिवॅटला १०१ डेसिबल देणारा एखादा हेडफोन घ्या. त्याला ११० डेसिबलसाठी अर्धाच व्होल्ट पुरतो. एचडी ६०० ला त्याच ११० डेसिबलसाठी जवळपास साडेचार व्होल्ट लागतात. पण विद्युतधारा दोघांना सारखीच, सुमारे १५ मिलिअँपिअर! म्हणजे आमच्या हेडफोनची भूक वॅटची नव्हतीच. त्याला व्होल्ट हवे होते. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर पाणी तेवढंच, टाकी मात्र उंचावर हवी.

मग ते २५० मिलिवॅट घ्या. १६ ओहमला २५० मिलिवॅट म्हणजे बरोबर दोन व्होल्ट. तेच दोन व्होल्ट ३०० ओहमवर लावले की उरतात सव्वातेरा मिलिवॅट. खोक्यावरचा आकडा खोटा नाही, फक्त तो माझ्या हेडफोनसाठी लिहिलेला नाही. या हिशेबात एक मेख आहे, ती सांगायलाच हवी: काही अँप कमी ओहमवर धारेच्या मर्यादेमुळे अडतात आणि जास्त ओहमवर त्याहून अधिक व्होल्ट देऊ शकतात. म्हणून १६ किंवा ३२ ओहमच्या आकड्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा ३०० ओहमचा आकडा छापलाय का, किंवा जास्तीत जास्त किती व्होल्ट निघतात हे लिहिलंय का, तेच शोधावं. तो आकडा विक्रेता सांगत नसेल तर त्या वस्तूला हात लावू नये, असं माझं ठाम मत झालंय.

घरी एक जुना स्टिरिओ अँप्लिफायर होता, बाबांचा, स्पीकर लावायचा. त्याला हेडफोनचं मोठं भोक आहेच, मग विकत कशाला घ्यायचं, म्हणून तो पुसून जोडला. आवाज भरपूर. पहिल्या मिनिटात मी खूश झाले. पण तबला सुरू झाल्यावर काहीतरी बिनसलं. डग्गा फुगलेला वाटायला लागला, प्रत्येक घुमारा गायकाच्या अंगावर येत होता. बाबांनी दोन मिनिटं ऐकून हेडफोन काढून ठेवले. "तबलजी एवढा जोरात नव्हता वाजवत," म्हणाले. ते त्या बैठकीत तबलजीच्या शेजारी बसले होते, त्यांचं म्हणणं मी खरं मानलं.

आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथले काका आता सत्तरीचे आहेत आणि दुकान दुपारपर्यंतच उघडं असतं. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाय, मीटर घेऊन ये, मोजूया." फोनवर १०० हर्ट्झचा सूर लावला, अँप्लिफायरच्या हेडफोनच्या भोकात काहीच न जोडता एक व्होल्ट येईल असा आवाज ठेवला. मग तिथे ३०० ओहमचा रेझिस्टर लावला. मीटर एकदम ०.४८ वर आला. अर्ध्याहून जास्त व्होल्ट वाटेतच गेले! काकांनी झाकण उघडलं आणि टोकाने दाखवलं: हेडफोनच्या वाटेवर एकेक रेझिस्टर बसवलेला, पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी. ३३० ओहम. स्पीकरसाठी केलेला अँप हेडफोनसाठी सौम्य करायचा सोपा उपाय म्हणून जुन्या अँप्लिफायरांत असे रेझिस्टर सर्रास घातलेले असतात.

यात अडचण अशी की एचडी ६०० चा अवरोध सगळीकडे ३०० नसतो. १०० हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्या वर चढतो. मधे ३३० ओहमचा रेझिस्टर असला की जिथे अवरोध जास्त तिथे व्होल्टही जास्त मिळतात. हिशेब केला तर मधल्या सुरांच्या तुलनेत खर्ज सुमारे दोन डेसिबलने वर येतो. डग्गा नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. बाबांच्या कानाने मोजलं ते मीटरने नंतर मोजलं. म्हणून अँप निवडताना त्याचा स्वतःचा अवरोध कमी हवा. हेडफोनच्या अवरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा एक रूढ ठोकताळा आहे. आजचे चांगले अँप त्याच्याही कितीतरी खाली, एखाद्या ओहमच्या आत असतात.

जानेवारीत मडगावच्या एका गृहस्थांकडून साडेचार हजाराला वापरलेला हेडफोन अँप घेतला. विजेवर चालणारा, आत ट्रान्सफॉर्मर. त्यांनी तो चार-पाच वर्षं कपाटात ठेवला होता. व्होल्ट मोजले, सात निघाले. अवरोध एका ओहमच्या आसपास. मला वाटलं, झालं काम.

रात्री रियाजाला बसले. फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप काळी एकवर (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरावर) लावलं, हेडफोन घातले. तंबोरा सुरेल, पण त्याच्याखाली काहीतरी थरथरत होतं. पंचमाची तार वाजली की सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू यायचे, सूर जुळवताना दोन तारा किंचित सुटलेल्या असाव्यात तसे. मी अ‍ॅपमधला पंचम वरखाली करून बघितला. मग तंबोरा बंदच केला. शांततेत मागे एक बारीक घूंऽ राहिली. सूर मोजणाऱ्या अ‍ॅपने आकडा दाखवला: १०० हर्ट्झ.

काळी एकच्या षड्जाला साधारण १३८.६ हर्ट्झ. त्याच्या खालचा पंचम येतो १०३.९. तीव्र मध्यम साडेसत्त्याण्णवच्या जवळ. म्हणजे ही घरघर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध, कुठल्याच श्रुतीवर नाही अशा जागी बसली होती, आणि पंचमाशी चार हर्ट्झच्या फरकाने भांडत होती. दुसऱ्या कोणाला ती कदाचित जाणवलीही नसती. सिनेमाच्या गाण्यांत ती बुडून जाते. तंबोऱ्यापुढे तिला लपायला जागा नाही. ज्यांना शास्त्रीय संगीत ऐकायचंय त्यांनी अँप घेताना ही चाचणी जरूर करावी: काही न वाजवता, आवाजाची खुंटी नेहमीच्या जागी ठेवून, रात्री, पंखा बंद करून ऐकावं.

काकांनी आकडा ऐकताच कारण सांगितलं. आपली वीज ५० हर्ट्झची. तारेच्या वळशांतून शिरलेली घरघर बहुधा ५० ची आणि तिच्या पटींची असते. पण अँपच्या आत रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा एका बाजूला वळवतो, त्यामुळे उरलेला हेलकावा १०० चा होतो. तो गिळून टाकायचं काम कपॅसिटरचं. "एवढी वर्षं कपाटात, आपल्या हवेत. कपॅसिटर सुकला असणार." दोन कपॅसिटर बदलले, २२०० मायक्रोफॅराडचे. काकांनी माझ्याकडून दोनशे रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून. घूं गेली.

मग मला दुसराच आवाज ऐकू यायला लागला. संगणकाला जोडलं की चिर्र, आणि माऊस हलवला की त्या चिर्रचा सूर बदलायचा. संगणकाचा चार्जर काढला की बंद. म्हणजे दोष अँपचा नव्हता. वायरमनला बोलावलं. त्याने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजला, १४ व्होल्ट. "जांभ्यात अर्थिंगचा खड्डा, त्यात उन्हाळा. सुकलाय." जांभा दगड सुका असला की वीज जमिनीत सहज उतरू देत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण आपल्याच अंगणात मागे तुळशीजवळ ती गोष्ट आहे हे ध्यानात आलं नव्हतं. मीठ, कोळसा घालून खड्डा पुन्हा भरला, दोन दिवस पाणी ओतलं. आकडा दोनवर आला. चिर्र अगदी बारीक उरली. तिच्यासाठी सोपा नियम केला: ऐकताना चार्जर काढायचा. (अर्थिंगची पिन मोडून किंवा तिच्यावर चिकटपट्टी लावून घरघर घालवायचा सल्ला मला दोघांनी दिला. तो कृपा करून कोणी ऐकू नये. ती पिन जिवासाठी असते.)

या मधल्या काळात बाहेरून मागवायचा विचारही झाला. शीटचा मॅग्नी किंवा जेडीएस लॅब्सचा अ‍ॅटम हे अमेरिकेत ९९ डॉलरच्या किमतीवर नावारूपाला आलेले अँप, आणि मापनात ते फार चांगले ठरलेत. पण त्यांचे भिंतीत लावायचे ठोकळे साधे नसतात, ते एसीच बाहेर देतात, डीसी नाही. अमेरिकेतला ठोकळा आपल्या २३० व्होल्टला चालत नाही आणि बदली ठोकळा फोंड्यात मिळत नाही. नातेवाइकाबरोबर मागवणाऱ्याने २३० व्होल्टचाच ठोकळा मागावा. मी तो मार्ग सोडला.

काकांना मात्र या विषयाचा छंद लागला. एक दिवस त्यांनी विचारलं, "एवढासा आवाज करायला भिंतीतली वीज कशाला? बॅटरीवर करूया." चू मॉय नावाच्या अमेरिकी माणसाचा एक साधा आराखडा हौशी मंडळींत पंचवीसेक वर्षं फिरतोय, सीमॉय म्हणतात त्याला. एक आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि सगळं पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत. पण एका बॅटरीत मिळून मिळून दोनेक व्होल्टच निघतात, कारण आयसी दोन्ही टोकांना थोडी जागा सोडतो. दोन बॅटऱ्या घातल्या तर पाचच्या वर जातं. २०११ मध्ये एका अभियंत्याने नाव न सांगता ओ-टू नावाचा अँप सगळ्यांसाठी खुला केला, त्यातही नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. तो त्याने नुसता कानाने जोखला नाही, प्रत्येक गोष्ट मोजून आकडे मांडले. त्याबद्दल मला त्या अनोळखी माणसाविषयी मनापासून आदर वाटतो.

काकांनी एनई ५५३२ हा आयसी घेतला. १९७० च्या दशकाच्या अखेरचा, आजही दुरुस्तीच्या दुकानात पंधरा-वीस रुपयांत मिळतो. व्होल्टची वाढ सहापट ठेवली. डबा बिस्किटांचा, भोकं पाडून कडा कानशीने घासलेल्या. त्यांचा हात अजून स्थिर आहे, सोल्डरचा एकेक थेंब मोत्यासारखा. सामानाचे सव्वासहाशे रुपये झाले. यात सगळ्यात महाग होती आवाजाची खुंटी, आणि तिथे कंजुषी करायची नाही असं काकांनी बजावलं: स्वस्त खुंटीत कमी आवाजाला डावा-उजवा सारखे राहत नाहीत, एका कानात गाणं आधी सुरू होतं. आमच्या पहिल्या खुंटीत तसंच झालं, ती बदलली. वाढ फार ठेवली तर हाच त्रास वाढतो, कारण मग खुंटी कायम तळाशीच ठेवावी लागते.

दादाने मे महिन्यात एक डोंगल पाठवून दिलं, म्हणजे हेडफोनसाठीचा छोटासा अँपच, फोनच्या सी पिनला लावायचं, बोटाच्या पेराएवढं. किंमत ३२०० रुपये. मी मोजलं: १.९८ व्होल्ट, ३०० ओहम जोडल्यावर १.९७. त्या दुकानातल्या नऊ हजारांच्या डब्याच्या खोक्यावरून जेवढे व्होल्ट निघाले होते तेवढेच.

आता घरात चार वस्तू झाल्या: बाबांचा स्टिरिओ, मडगावचा अँप, काकांचा डबा, डोंगल. मुलीला सुट्टी होती. तिला पडद्यामागे बसवलं. एकाच फोनवरून, एकेक करून, ती पिन बदलणार आणि मी सांगणार की ही पहिली वस्तू की दुसरी. प्रत्येक जोडीला सोळा वेळा, तिने नाणं उडवून ठरवलेल्या क्रमाने. सोळापैकी बारा किंवा त्याहून जास्त बरोबर येणं नुसत्या नशिबाने शंभरात चारेक वेळाच होतं, म्हणून बारा ही रेघ धरली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो आवाज सारखा करण्यात, आणि तो वेळ वाया गेला असं मी कधी म्हणणार नाही. १०० हर्ट्झचा सूर लावून, हेडफोन जोडलेले असतानाच, प्रत्येकाकडून अर्धा व्होल्ट येईल असं केलं, एका टक्क्याच्या आत, म्हणजे पाच मिलिव्होल्ट इकडे-तिकडे. स्टिरिओसाठी मात्र खर्ज फुगतो म्हणून १००० हर्ट्झवर जुळवलं. आदल्या दिवशी हे न करता ऐकलं होतं तेव्हा मडगावचा अँप मला उघडपणे सरस वाटला होता, त्यात मोकळेपणा होता, पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येत होता. तो फक्त दीड डेसिबल मोठा वाजत होता.

ऐकायला घेतलं ते एका अलीकडच्या मैफलीचं स्वच्छ ध्वनिमुद्रण, आणि आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची एक जुनी तबकडी. त्यांचा आवाज १९७७ पासून व्हॉयेजर यानांवर अवकाशात जातोय आणि आम्ही त्यांच्या गावापासून थोड्या अंतरावर पडवीत बसून तो ऐकत होतो, याचं मला प्रत्येक वेळी अप्रूप वाटतं. स्टिरिओ मी सोळापैकी पंधरा वेळा ओळखला. डोंगल आणि मडगावचा अँप, यांत नऊ. डोंगल आणि काकांचा डबा, यांतही नऊ. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. मुलीची पाळी आली, तिला सात. तिचे कान माझ्याहून तरुण.

मग प्रश्न उरला तो मूळचा. डोंगलवर ती मैफल दणदणीत वाजते, तर बाबांची कॅसेट अजूनही का कुजबुजते? उत्तर व्होल्ट मोजताना मिळालं. फोनवरचा सूर पूर्ण भरलेला, त्याला दोन व्होल्ट. कॅसेटची फाइल ऑडॅसिटीत, म्हणजे ध्वनिमुद्रणावर काम करायच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये, उघडून बघितली तर तिची सर्वांत उंच टोकंही कमाल पातळीच्या बारा डेसिबल खाली. टाळ्यांना आवाज फाटू नये म्हणून उतरवताना पातळी मीच कमी ठेवली होती. बारा डेसिबल म्हणजे एक चतुर्थांश. डोंगलचे दोन व्होल्ट कॅसेटसाठी अर्धाच व्होल्ट होत होते. मला सुखाने ऐकायला सरासरी ०.१२ व्होल्ट लागतात, शिखरांना त्याच्या दहापट धरा. ही तूट भरून काढायला दोन मार्ग. पाच व्होल्टचा अँप घ्या. किंवा फाइलची पातळी बारा डेसिबलने वर उचला, ऑडॅसिटीत ते दोन क्लिकचं काम आहे आणि ऑडॅसिटी फुकट आहे. आवाज उचलल्यावर सूं वाढते खरी, पण ती कॅसेटची स्वतःची असते, अँपने वाढवली तरी तितकीच वाढली असती.

त्या संध्याकाळी मी सगळ्या उतरवलेल्या फाइली एकामागून एक उचलल्या. नवव्या कॅसेटीत, आलाप संपून बंदिश सुरू व्हायच्या आधी, बाबांनी गायकाच्या मागे एक छोटी जागा घेतलीय, चार सुरांची. पहिल्या दिवशी फोनवर ती जागा नव्हतीच. आता ती तिथे होती.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि आणखी एक गोष्ट कळली. एचडी ६०० मागून उघडे असतात, बाहेरचं सगळं आत येतं. कौलांवर पाऊस कोसळायला लागला की मी खुंटी वर, अजून वर नेत राहिले, आणि पुन्हा मनात आलं की अँप कमी पडतोय. मीटर लावला तेव्हा दिसलं की मी नेहमीच्या दुपटीच्या वर ऐकतेय. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. दर तीन डेसिबलला तास अर्धे होतात. ८३ ला वीस, ८६ ला दहा. पावसावर मात करणारा अँप घेणं म्हणजे कान विकून आवाज घेणं. त्या दिवसांत बंद पाठीचे हेडफोन घालावेत, नाहीतर सर ओसरेपर्यंत थांबावं. मी थांबते.

मडगावच्या गृहस्थांनी त्यांचा अँप नव्या कपॅसिटरांसकट परत घेतला, पैसे पूर्ण दिले. डोंगल माझ्याकडे राहिलं. वीज गेली तरी ते चालतं, आणि आमच्याकडे पहिल्या पावसात वीज किती वेळा जाते ते काय सांगायचं. त्याची पिन आणि हेडफोनची पिन सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात ठेवते; मागच्या पावसाळ्यात जुन्या इअरफोनच्या पिनेवर हिरवट थर चढून एक कान बंद पडला होता. काकांचा बिस्किटांचा डबा बाबांच्या खोलीत गेला. कॅसेट डेकच्या मागच्या भोकातून येणारा आवाज अगदी क्षीण असतो आणि त्याला खुंटी नसते, तिथे त्या डब्याची सहापट वाढ नेमकी उपयोगी पडते. बॅटऱ्या चार्ज होणाऱ्या घातल्यात.

गेल्या रविवारी बाबांना तिथे बसवलं. १९८६ ची कॅसेट. पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाले, "पेटी काढ."

मी पेटी काढली. त्यांनी भाता दाबला, काळी एक धरली, दुसऱ्या कानात कॅसेट चालू. मग पांढरी दोन धरून बघितली. पुन्हा काळी एक.

"मी त्या दिवशी काळी एकलाच वाजवत होतो. ही हीच पेटी. हे मधेच कुठेतरी लागतंय."

मी फाइल उघडून षड्ज मोजला. १४२.७. तीन टक्के चढा. डेकची मोटर जलद फिरते आहे, म्हणजे उतरवलेल्या सगळ्या फाइली तीन टक्के जलद आणि तेवढ्याच चढ्या आहेत. मोटरच्या मागे एक छोटं भोक असतं, त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून वेग जुळवता येतो, असं काका म्हणाले. बुधवारी डेक त्यांच्याकडे न्यायचाय, आणि बाबा म्हणतात की पेटी घेऊन तेही येणार.